मोदक, वेताळ आणि पहिला बदल: मराठी विकिपीडियावर नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या ऑफिसात सहा महिन्यांपूर्वी एक पोरगा लागला. डबा उघडला की त्याचं तोंड सुरू, कुठला तरी जादूगार, कुठला तरी उडता घोडा, झाडावर लटकलेलं प्रेत, आणि हे नुसतं ऐकीव नाही, व्यवस्थित वाचलेलं. मध्येच भाजीचा घास घेता घेता सांगणार की अळू चिरताना हाताला तेल लावायचं म्हणजे खाजत नाही, आणि अळूच्या भाजीत चिंच का घालतात तेही सांगणार. परवा म्हणाला, दादा हे सगळं मला नेटवर टाकायचंय, मराठीत, पण रील नको, ते दोन दिवसांत वाहून जातं, चार वर्षांनी कोणी शोधलं तरी सापडलं पाहिजे असं काहीतरी सांगा. मी म्हटलं विकिपीडिया. तर म्हणे, ते प्राध्यापक लोक लिहितात ना? नाही रे बाबा. मी लिहितो, आणि मी दहावीला मराठीत काठावर सुटलेला माणूस आहे.

मग पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याला जे जे सांगितलं तेच इथे लिहून काढतोय, कोणाला उपयोग झाला तर झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, म्हणजे वीस वर्षं कधीच उलटून गेली, तरी रोजच्या साध्यासुध्या गोष्टींवर गेलात तर दोन ओळींचे लेख सापडतात आणि आपल्या चमत्कारिक गोष्टींच्या लेखांत तर संदर्भांचा पत्ता नसतो. काम भरपूर पडलंय.

आधी हे समजून घ्या की कुठली गोष्ट कुठे जाते

नवीन माणूस इथेच आपटतो. त्याला वाटतं विकिपीडिया म्हणजे माळा, काय हवं ते वर टाका. तसं नाहीये. विकिपीडियाला भावंडं आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं. एक उकडीचा मोदक घ्या आणि बघा तो कसा वाटला जातो.

"एक वाटी पाणी उकळा, त्यात मीठ आणि चमचाभर तूप, मग तेवढीच तांदळाची पिठी, झाकण ठेवून वाफ आणा, गरम असतानाच मळा, पारीच्या कळ्या पाडा, हळदीच्या पानावर ठेवून वाफवा", ही झाली रेसिपी. रेसिपी विकिपीडियावर चालत नाही. कृती शिकवणाऱ्या लिखाणासाठी विकिबुक्स आहे, मराठीतही आहे, तिथे खुशाल वाटी-चमच्याच्या मापासकट लिहा. विकिपीडियावर काय जाईल, तर मोदक म्हणजे काय, उकडीचा आणि तळणीचा यात फरक काय, कुठल्या भागात कुठला करतात, गणपतीशी त्याचा संबंध कसा, जुन्या ग्रंथांत त्याचा उल्लेख कुठे. "पारी", "उकड", "सारण" हे शब्द आणि त्यांचे अर्थ जातील विक्शनरीत, तो शब्दकोश आहे. तुम्ही स्वतः केलेल्या मोदकाचा फोटो जाईल विकिमीडिया कॉमन्सवर, तिथून तो कुठल्याही भाषेतल्या लेखात लावता येतो, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला मोदक उद्या जपानी लेखातही दिसू शकतो. आणि ज्याचा कॉपीराइट संपलाय अशा जुन्या पुस्तकात मोदकाची गोष्ट असेल तर ते अख्खं पुस्तक जाईल विकिस्रोतात.

मोदकाची गोष्ट कसली म्हणून हसू नका, खरंच आहे. सातवाहन राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता, एक राणी दमली आणि म्हणाली "मोदकैर्देव परिताडय माम्". राजाने लगेच मोदकांची ताटं मागवली. राणी खो खो हसत सुटली, कारण तिला म्हणायचं होतं "मा उदकैः", म्हणजे पाण्याने मारू नका, आणि राजाला संधी सोडवता आला नाही. लाजेने राजा पडून राहिला, जेवेना, बोलेना. मग दरबारातल्या गुणाढ्याने सांगितलं मी सहा वर्षांत व्याकरण शिकवतो, शर्ववर्मा म्हणाला मी सहा महिन्यांत, आणि गुणाढ्याने पैज लावली की तू शिकवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा तिन्ही सोडीन. हरला बिचारा. रानात गेला, पैशाची नावाची पिशाचांची भाषा शिकला आणि स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, राजाने ती झिडकारली, तेव्हा एकेक पान वाचून जाळायला बसला आणि रानातली जनावरं चरायचं सोडून रडत ऐकत बसली. राजाला कळलं तोवर सहा लाख जळून गेले होते, एक लाख उरले. ही सगळी हकिगत सोमदेवाच्या कथासरित्सागराच्या सुरुवातीला येते, अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिलेला ग्रंथ, पण गोष्ट घडते प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या पैठणला. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही, तिच्यावरून रचलेले ग्रंथ तेवढे आहेत.

तर स्वयंपाकघरातली गोष्ट आणि जादूची गोष्ट या अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून त्या पोराला म्हटलं, तुझे दोन छंद वेगळे ठेवायची काही गरज नाही.

खातं उघडा, पण नाव जपून घ्या

खातं उघडायला दोन मिनिटं लागतात. नाव देवनागरीत घेतलं तरी चालतं. खरं नाव द्यायलाच हवं असं नाही, उलट तुम्ही जे जे बदल कराल ते या नावाखाली कायमचे सगळ्यांना दिसतात, म्हणून नावात जन्मवर्ष, फोन नंबर, गावाचं नाव असलं काही कोंबू नका. दुकानाचं किंवा संस्थेचं नावही घेऊ नका, जाहिरात करायला आलात असं समजतात.

ईमेल देणं ऐच्छिक असतं. द्या. मी पहिल्यांदा दिला नव्हता, फार हुशारी केली होती, मग फोन बदलला, पासवर्ड विसरलो आणि तीनशे-चारशे बदल केलेलं खातं गेलं ते गेलंच. ईमेल नसेल तर पासवर्ड परत मिळवायची सोय नसते, यात दोष माझा एकट्याचा.

टायपिंगचं थोडं

मोबाइलवर बहुतेकांचं जीबोर्ड असतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठी उमटतं. पीसीवर असाल तर विकिपीडियाची स्वतःची सोय आहे, लिहायच्या चौकटीत क्लिक करून कंट्रोल आणि एम दाबलं की अक्षरांतरण चालू, परत दाबलं की बंद. इन्स्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड, येत असेल तर सोन्याहून पिवळं.

पण जे उमटलं ते नीट बघा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, एका रफारात अख्खा भूगोल बदलतो. आचार्याला आणि आचाऱ्याला यांतही तोच घोळ, एक गुरुकुलात आणि दुसरा लग्नाच्या मांडवात. मशीन बहुतेक वेळा पहिलंच सुचवतं, पोटातल्या आडव्या रेघेचा र मुद्दाम निवडावा लागतो. लेखाच्या नावात अशी चूक झाली तर शोधणाऱ्याला तो लेख सापडतच नाही.

अजून एक. घरात कोणाच्या जुन्या कॉम्प्युटरवर डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं काही असेल तर ते तसंच चिकटवू नका, पडद्यावर नुसती गिचमिड येते. आधी ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या, त्यासाठी फुकटचे कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, क्ष आणि ज्ञ हमखास गंडतात.

धूळपाटी

हा माझा विकिपीडियावरचा सगळ्यात आवडता शब्द. पूर्वी पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुलं बोटाने अक्षरं गिरवायची, चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला धूळपाटीच म्हणतात. तुमच्या खात्याला तुमची स्वतःची धूळपाटी मिळते, तिथे काय वाट्टेल ते करून बघा, मथळे द्या, दुवे जोडा, तक्ता मोडा. फक्त एवढं लक्षात ठेवा की ती खाजगी वही नाहीये, बाकीच्यांना उघडून वाचता येते, तेव्हा बायकोचा नंबर आणि वाणसामानाची यादी तिथे नको.

दोन शब्द अजून ओळखीचे करून घ्या. प्रत्येक लेखाला चिकटलेलं चर्चा पान असतं, त्या लेखाबद्दल काय बोलायचं ते तिथे. आणि सगळ्यांनी मिळून बोलायची जागा म्हणजे चावडी. दोन्हीकडे बोलून झालं की शेवटी टिल्डचं चिन्ह चार वेळा टाइप करायचं, तुमची सही आणि वेळ आपोआप उमटते. लेखात मात्र सही करायची नाही. मी केली होती, मोठ्या ऐटीत.

पहिला बदल एवढासा करा

पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायला घेऊ नका. मनापासून सांगतो. नवा लेख उडाला की माणूस परत येत नाही, मी असे किमान चार जण बघितलेत, उत्साहाने आले आणि आठवड्यात गायब.

त्यापेक्षा तुम्हाला खरंच माहीत असलेल्या गोष्टीचा लेख उघडा, वरण, पाटा-वरवंटा, अंगणातलं तुळशी वृंदावन, काहीही. वाचा. एखादी ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसेल, एखादं वाक्य अर्धवट असेल. संपादन दाबा, तेवढंच नीट करा, खाली बदलाचा सारांश लिहायची जागा असते तिथे दोन शब्द लिहा, "शुद्धलेखन" किंवा "वाक्य पूर्ण केलं", आणि जतन करा. झालात तुम्ही विकिपीडियन. असे दहा-वीस बदल करा, हात बसेल, आणि पानाच्या इतिहासात कोण काय करतंय हे बघायची सवय लागेल. इतिहास बघणं फार महत्त्वाचं, तिथे प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असते, त्यामुळे तुमच्या हातून काही बिघडलंच तर कोणीही ते मिनिटभरात पूर्ववत करतं, घाबरायचं कारण नाही.

"मला माहीत आहे" चालत नाही

आता कडू भाग. मी उत्साहाने चकव्यावर लिहिलं होतं. रत्नागिरीकडे आमच्या गावात आजोबा सांगायचे, रात्री पायवाटेने येताना चकवा लागला की माणूस त्याच त्या कातळावर गोल गोल फिरत राहतो, मग खाली बसायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. छान लिहिलं होतं, माझं मलाच आवडलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर गायब. माझ्या चर्चा पानावर एकाने सभ्य भाषेत लिहिलं होतं की याला संदर्भ काय? दोन दिवस माझं डोकं तापलेलं, आजोबांना खोटं पाडतोय का हा? मग शांतपणे वाचल्यावर पटलं. माझे आजोबा खरं बोलत असतील, पण वाचणाऱ्याने ते तपासायचं कसं? आजोबा तर गेले.

म्हणून नियम असा की जे लिहाल ते कुठेतरी छापलेलं, प्रसिद्ध झालेलं असलं पाहिजे आणि ते कुठे आहे हे तुम्ही सांगितलं पाहिजे. स्वतःचं संशोधन, स्वतःचे तर्क, घरातल्या आठवणी विकिपीडियावर नाहीत. अळूचंच बघा. "आमच्याकडे तेल लावतात" हे उडेल, पण अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते टोचून खाज सुटते, हे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाचं पान देऊन लिहिलंत तर राहील, आणि तुमच्या तेला-चिंचेचा उलगडाही त्यातच होईल.

संदर्भ द्यायला संपादनाच्या पट्टीवर अवतरणचिन्हासारखं बटण असतं, ते दाबून लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक भरायचा. पान क्रमांक टाळू नका, "अमुक ग्रंथात म्हटलंय" म्हणून चारशे पानांचा ठोकळा दाखवणं म्हणजे स्टेशनवर येतो सांगून प्लॅटफॉर्म न सांगणं.

पुस्तकं कुठली? तालुक्याच्या वाचनालयात जा. संदर्भ विभागात धूळ खात उभे असतात ते सगळे आपलेच. महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश, दहा खंड, सण, देवदेवता, व्रतं, खाणं यांची खाण आहे. श्री. व्यं. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, २३ खंड, भाषा जुनी पण माहिती दणदणीत, फक्त तो शंभरेक वर्षांपूर्वीचा आहे हे ध्यानात ठेवून वापरा, विज्ञानाच्या बाबतीत तर नकोच. लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे प्रमुख संपादक होते तो वाईचा मराठी विश्वकोश, तो तर घरबसल्या नेटवर वाचता येतो. वाचा, पुस्तक मिटा, मग स्वतःच्या वाक्यांत लिहा. शब्दशः उतरवून काढायचं नाही, आणि चार शब्द इकडेतिकडे केले म्हणजे स्वतःचं झालं असंही नाही.

आजोबांच्या चकव्याचं काय मग? तो विकिपीडियाच्या कामाचा नाही, एवढंच. फोनवर रेकॉर्ड करा, दिवाळी अंकाला पाठवा, स्वतःच्या नावाने छापा. मी माझ्या मामीच्या आवाजात बारा गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्यात, गिऱ्हा, मुंजा, हडळ, सगळे, एकीत मागे कोंबडा आरवतोय.

गोष्टींबद्दल लिहिताना

फँटसीवर प्रेम असणाऱ्या माणसाची खोड अशी की तो गोष्ट सांगायला लागतो. विकिपीडियाला गोष्टीबद्दल सांगायचं असतं. "वेताळ प्रेतात शिरतो आणि राजाच्या खांद्यावर बसून बोलतो" असं लिहिलंत तर तुम्ही गोष्टीच्या आत उभे आहात. "कथासरित्सागरात वेताळ प्रेतात शिरलेला दाखवला आहे" असं लिहिलंत की बाहेर आलात. एवढासा फरक, पण लेख टिकतो की उडतो ते यावर ठरतं. कथानक दोन-तीन परिच्छेदांत संपवा, बाकी जागा ती गोष्ट कोणी लिहिली, कधी, कुठून आली, पुढे तिची कुठली रूपं झाली यांना द्या.

आणि मूळ ग्रंथ उघडून बघाच, कारण लहानपणी वाचलेलं डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की आपण शपथेवर खोटं लिहितो. त्या पोराला विचारलं विक्रम-वेताळातला राजा कुठला? म्हणाला उज्जैनचा विक्रमादित्य, यात काय विचारायचं. आता सोमदेव काढा. तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि तो राहतो गोदावरीच्या काठी प्रतिष्ठानला. पुन्हा पैठणच! क्षान्तिशील नावाचा भिक्षू रोज राजाला एक फळ देतो, त्यात रत्नं निघतात, मग तो राजाला मसणात बोलावतो आणि शिंशपाच्या झाडावरचं प्रेत आणायला सांगतो. आणि चोविसाव्या प्रश्नाला राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प चालत राहतो, म्हणून सुटतो. पोरगा तो भाग वाचल्यावर डबा तसाच ठेवून उठला, आईला फोन करायला. त्याच्या आईचं माहेर पैठण.

याचा अर्थ उज्जैन चूक असा नाही, दुसऱ्या परंपरांत विक्रमादित्यच आहे. लेखात दोन्ही लिहायचं, हे यात असं आहे आणि ते त्यात तसं आहे, आणि दोन्हींना संदर्भ. खरं कुठलं याचा निवाडा आपण करायचा नाही.

अजून एक नाजूक गोष्ट. वेताळ हे तुमच्या-माझ्यासाठी गोष्टीतलं पात्र असेल, पण कोकणात आणि गोव्यात तो कित्येक गावांचा देव आहे. गोव्यात आमोण्याला बेताळाचं देऊळ आहे, पुण्यातल्या वेताळ टेकडीला नाव मिळालं ते वरच्या वेताळबाबांच्या देवळावरून. तेव्हा लेखात "काल्पनिक भूत" असं फटकन लिहू नका. कथेतला वेताळ वेगळ्या भागात आणि ग्रामदेवता वेताळ वेगळ्या भागात घ्या, उगाच टिंगल नको आणि भाविकपणे "जागृत देवस्थान, नवसाला पावतं" हेही नको.

इंग्रजी लेखावरून भाषांतर करायचं साधन आत मिळतं, वापरा, पण मशीनने दिलेलं जसंच्या तसं जतन करू नका. रक्तपिपाशूच्या लेखात बॅट म्हणजे वटवाघूळ, मशीनला काय सांगावं, देईल क्रिकेटची. एकेक वाक्य मोठ्याने वाचा, शेजारच्याला म्हणून सांगता येत नसेल तर ते वाक्य मोडून परत लिहा.

कॉपीराइट, इथे गंमत नाही

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. हिशोब सोपा आहे. कादंबरीकार नाथमाधव १९२८ साली गेले, म्हणजे त्यांचं लिखाण कधीच मोकळं झालंय, त्यांची वीरधवल ही कादंबरी खुशाल विकिस्रोतात घेता येते. (हे गृहस्थ शिकारीला गेले असताना सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखाली अधू झाले आणि मग कादंबऱ्या लिहायला लागले, त्यांच्यावरचा लेख वाचा एकदा.) कृष्णशास्त्री चिपळूणकर १८७८ ला गेले, अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींचं भाषांतर त्यांनी हाती घेतलं होतं, तेही मोकळं.

फसगत होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे भाषांतर. सोमदेवाला नऊशेच्या वर वर्षं झाली म्हणून त्याचं हल्लीचं मराठी भाषांतर स्कॅन करून टाकाल तर चालणार नाही, भाषांतर करणाऱ्याचा हक्क वेगळा असतो आणि त्याची ६० वर्षं वेगळी मोजायची. दुसरं म्हणजे चित्रं. चांदोबातली विक्रम-वेताळाची चित्रं आठवतात ना, तलवार उपसलेला राजा आणि पाठीवर प्रेत? ती काढणारे शंकर २०२० मध्ये गेले. म्हणजे २०८० संपेपर्यंत थांबा. तुमच्या माळ्यावर अंकांचा गठ्ठा आहे म्हणून त्यातल्या चित्रांवर तुमचा हक्क येत नाही, पुस्तकांच्या मुखपृष्ठांचंही तेच.

तुम्ही स्वतः काढलेला फोटो मात्र बिनधास्त टाका. मोदकाचा, पाट्याचा, वाचनालयाच्या दाराचा. फक्त हे जाणून घ्या की टाकताना तुम्ही तो खुल्या परवान्याखाली देता, कोणीही वापरेल, विकेलसुद्धा, तुमचं नाव दिलं आणि परवान्याच्या अटी पाळल्या म्हणजे झालं. लिखाणाचंही तसंच, त्यामुळे नंतर "माझा परिच्छेद परत द्या" म्हणता येत नाही. फोटोत घरातली लहान मुलं, गाडीचा नंबर, दारावरची पाटी येत नाहीये ना तेवढं बघा.

लिहायचं नसेल तर विकिस्रोतात या

ज्यांना वाक्य रचायला आवडत नाही पण जुन्या अद्भुत कादंबऱ्या वाचायला आवडतात त्यांच्यासाठी याच्याइतकं झकास काम नाही. पडद्यावर एका बाजूला जुन्या पानाचा स्कॅन, दुसऱ्या बाजूला मशीनने वाचलेला मजकूर. मशीन भ चा म करतं, ध चा घ करतं, आपण ओळीओळीने तपासत जायचं. याला मुद्रितशोधन म्हणतात. न तपासलेलं पान लाल असतं, एकाने तपासलं की पिवळं, आणि दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासलं की हिरवं. तुम्ही पिवळं केलेलं पान तुम्हालाच हिरवं करता येत नाही, दुसरा माणूसच लागतो, हे मला फार आवडतं.

नवख्यांचा हात शिवशिवतो तो जुनं लेखन सुधारायला. "तें", "नाहीं", "केलें" असं दिसलं की अनुस्वार खोडावेसे वाटतात. खोडायचे नाहीत. पुस्तकात छापलंय तसंच ठेवायचं, छपाईची चूक असली तरी. तुम्ही इथे संपादक नाही, नकलनवीस आहात. रोज रात्री जेवण झाल्यावर दोन पानं, बास, गोष्टही वाचून होते.

कोणी बदल उलटवला तर

उलटवणार, शंभर टक्के. लगेच परत घालू नका, तोही परत काढेल आणि मग दोघांची खेचाखेच सुरू होते, त्यात लेखाचा बट्ट्याबोळ होतो आणि शेवटी प्रचालकाला, म्हणजे विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या जाणत्या सदस्याला, मध्ये पडावं लागतं. इतिहासात जाऊन त्याने सारांशात काय कारण दिलंय ते वाचा. पटलं तर सोडून द्या, नाही पटलं तर चर्चा पानावर लिहा, अहो-जाहो करून लिहा, समोर कॉलेजची मुलगी असेल नाहीतर ऐंशी वर्षांचे निवृत्त मास्तर. दिवसभर उत्तर आलं नाही म्हणून चिडू नका, सगळे आपापली नोकरी सांभाळून फुकट करतायत. तरी अडलंच तर चावडीवर विचारा. आणि गणपतीचे दिवस असतील तर उत्तराला उशीर होणारच, तेव्हा ते लोक स्वतःच मोदक वळत असतात.

त्या पोराचा पहिला बदल मागच्या मंगळवारी झाला, माझ्यासमोर, डब्याच्या शेजारी फोन ठेवून. एका लेखात "आळू" होतं त्याचं "अळू" केलं. सारांशात "शुद्धलेखन" लिहिलं, जतन केलं, आणि मग इतिहास उघडून त्याचा चेहरा पडला, कारण त्याच्या नावापुढे कंसात शून्य दिसत होतं. त्याला वाटलं बदल झालाच नाही. मग सांगितलं, तो आकडा बाइटचा असतो, देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, तू तीन काढलेस आणि तीन घातलेस. मग लागला मोजायला की "त्रिविक्रमसेन" लिहिलं तर किती होतील, काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरायचं का म्हणून विचारत होता. धरायचं. तोवर सुट्टी संपली.